निवृत्तीनंतर पुन्हा देशाच्या जर्सीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी सहाला नेरुळमध्ये आम्ही चाळिशीपुढची मंडळी फुटबॉल खेळतो. काहीजण ठाण्याहून ट्रान्सहार्बरची लोकल पकडून येतात. खेळ तासभराचा आणि नंतरचा चहा दीड तासाचा. मार्च २०२५ मध्ये सुनील छेत्री निवृत्ती मागे घेऊन भारतीय संघात परतला, तेव्हापासून त्या चहावर आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाच विषय फिरून फिरून येतो. शेजारची शाळकरी मुलंही विचारतात, त्यांचे आजोबाही विचारतात. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आधी साधे प्रश्न, मग किचकट. जिथे दोन उत्तरं एकमेकांत शिरतात, तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. छेत्री निवृत्त झाला होता, तरी बंगळुरू क्लबकडून खेळत होता. मग निवृत्ती कसली?

फुटबॉलपटूच्या निवृत्त्या दोन. एक देशाच्या संघातून, दुसरी खेळातूनच. पहिली घेतलेला खेळाडू क्लबकडून खेळत राहतो, रोज सराव करतो, पगारही घेतो. फक्त राष्ट्रीय संघाची शिबिरं, लांबचे प्रवास आणि पात्रता फेरीचे सामने सोडतो. पस्तिशीपुढे शरीराला दोन्ही ओझी पेलत नाहीत, म्हणून बहुतेक जण आधी देशाचा संघ सोडतात.

त्यामुळेच पुनरागमन शक्य होतं. माणूस घरी बसलेला नसतो, दर आठवड्याला सामना खेळत असतो. पूर्ण खेळ सोडून, दोन वर्षं सोफ्यावर काढून देशाच्या संघात परतणं जवळजवळ अशक्य. अपवादासाठी प्रश्न ४ मधला रॉजर मिला पाहा. तोही पूर्ण थांबलेला नव्हता.

२. छेत्रीच्या तारखा नेमक्या सांगा. दर वेळी कुणीतरी वेगळंच सांगतं.

पहिला आंतरराष्ट्रीय सामना जून २००५, क्वेट्टा, पाकिस्तानविरुद्ध. त्यातच गोल. निरोपाचा सामना ६ जून २०२४, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, कुवेतविरुद्ध ०-०. तोवर १५१ सामने आणि ९४ गोल. निवृत्ती मागे घेतल्याची घोषणा ६ मार्च २०२५ ला झाली. परतीचा सामना १९ मार्च २०२५, शिलाँग, मालदीवविरुद्ध, ३-० विजय. तिसरा गोल त्याचाच, हेडरने. तो ९५ वा. जन्म ३ ऑगस्ट १९८४ चा, म्हणजे तेव्हा वय ४० पूर्ण. निरोप आणि परत यांत २८६ दिवस गेले.

३. चाळिशीच्या माणसाला परत बोलवावं लागतं, म्हणजे आपल्याकडे दुसरा स्ट्रायकरच नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि रागाने येतो. राग मला पटतो. पण तो छेत्रीवर काढू नका.

२०२४ या संपूर्ण वर्षात भारतीय पुरुष संघाने एकही सामना जिंकला नाही. त्याआधीचा विजय नोव्हेंबर २०२३ मधला, कुवेतमध्ये. प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांच्यासमोर आशियाई चषकाची पात्रता फेरी होती आणि गोल करणारं कुणी नव्हतं. त्या हंगामात आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, सर्वाधिक गोल करणारा भारतीय कोण, तर हाच छेत्री. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर १४ गोल होते. डिसेंबर २०२४ मध्ये केरला ब्लास्टर्सविरुद्ध हॅटट्रिक मारून तो लीगचा सर्वांत वयस्क हॅटट्रिकवीर ठरला होता. पंचविशीतला कुणी त्याच्यापुढे असता, तर मार्केझनी त्यालाच घेतलं असतं.

मूळ दुखणं क्लबांमध्ये आहे. गोलसमोरची, नऊ नंबरची जागा बहुतेक क्लब परदेशी खेळाडूला देतात. कारण सामना जिंकायचाय, मालकाला निकाल हवाय. मग छांगटे, लिस्टन यांच्यासारखी चपळ भारतीय पोरं पंखांवर, म्हणजे मैदानाच्या कडांना, खेळतात. ती धावतात, क्रॉस टाकतात, पण गोलपुढच्या पेनल्टीच्या पेटीत उभं राहून अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यायची सवय त्यांना लागत नाही. ती सवय सरावात अर्धीच लागते, बाकीची सामन्यात चुका करतच यावी लागते. छेत्रीच्या काळात त्याला ती जागा मिळत गेली. आजच्या विशीतल्या मुलाला ती कोण देणार, हा खरा प्रश्न आहे.

४. जगातलं सगळ्यात गाजलेलं पुनरागमन कुणाचं?

माझ्या मते वादच नाही: कॅमेरूनचा रॉजर मिला, १९९०.

मिलाने राष्ट्रीय संघ सोडला होता आणि हिंदी महासागरातल्या रेयुनियन बेटावर एका क्लबकडून सावकाश खेळत होता. देशाचे राष्ट्राध्यक्ष पॉल बिया यांनी स्वतः फोन करून त्याला इटलीतल्या विश्वचषकासाठी परत बोलावलं. वय ३८. संघातल्या काहींना ते आवडलं नव्हतं, राष्ट्राध्यक्षांच्या शब्दावर संघ निवडतात का, अशीही कुजबुज झाली.

त्या स्पर्धेत मिला एकदाही सुरुवातीच्या अकरांत नव्हता. प्रत्येक वेळी बदली खेळाडू म्हणून आला. रोमानियाविरुद्ध येऊन दोन गोल. कोलंबियाविरुद्ध जादा वेळेत दोन गोल. त्यातला दुसरा तर आमच्या पिढीने शेकडो वेळा पाहिला असेल: गोलरक्षक इगिता गोल सोडून पार पुढे आला, पायात चेंडू खेळवायला गेला, मिलाने तो काढून घेतला आणि रिकाम्या जाळ्यात मारला. मग कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी तो नाच. कॅमेरून उपांत्यपूर्व फेरीत पोहोचणारा पहिला आफ्रिकी देश झाला. तिथे इंग्लंडविरुद्धही मिला आल्यावर एक पेनल्टी मिळाली आणि एक गोल त्याच्या पासवर झाला. जादा वेळेत इंग्लंड ३-२ ने सुटलं.

मी तेव्हा शाळेत होतो. चाळीत एकाच घरी रंगीत टीव्ही होता, तिथे जमिनीवर बसून पाहिलं. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत ज्याने गोल केला, तो जवळच्या विजेच्या खांबापाशी जाऊन कंबर हलवायचा. आमच्या रविवारच्या खेळात अजूनही कुणीतरी ते करतंच.

चार वर्षांनी, १९९४ ला, मिला पुन्हा आला आणि रशियाविरुद्ध गोल केला. वय ४२ वर्षं ३९ दिवस. तो सामना कॅमेरून ६-१ ने हरलं, पण २०२२ पर्यंतच्या विश्वचषकांत इतक्या वयात कुणी गोल केलेला नाही.

५. प्रशिक्षक म्हाताऱ्यांना का बोलावतात? नव्या पोरांना संधी कधी मिळणार?

पुनरागमनाची गोष्ट भावनेची वाटते, पण प्रशिक्षकाच्या वहीत ती एका रिकाम्या जागेची असते. आधी जागा रिकामी होते, मग माणूस आठवतो.

१९९८ च्या विश्वचषकाआधी जर्मनीचा बचावपटू माथियास झामर जखमी झाला. त्याच्यासारखा मागून खेळ रचणारा दुसरा नव्हता. म्हणून बेर्टी फोग्ट्स यांनी ३७ वर्षांच्या लोथार माथेउसला बोलावलं, जो डिसेंबर १९९४ नंतर देशाकडून खेळलाच नव्हता. २००८ मध्ये नेदरलँड्सचे दोन गोलरक्षक एकाच वेळी जखमी झाले, तेव्हा एडविन व्हान डर सार फक्त दोन सामन्यांसाठी परतला. आइसलँड आणि नॉर्वे, दोन्हींविरुद्ध एकही गोल खाल्ला नाही, १३० सामने पूर्ण केले आणि परत गेला. मला हे पुनरागमन फार आवडतं. काम दोन सामन्यांचं होतं. ते केलं आणि जागा मोकळी केली.

नव्या पोरांची जागा अडते का? जिथे म्हाताऱ्याला सवयीने ठेवतात, तिथे हो. जिथे खरंच कुणी नसतं, तिथे नाही. दर वेळी वेगळं तपासावं लागतं. छेत्रीच्या बाबतीतलं माझं मत प्रश्न ३ मध्ये आहे.

६. एक माणूस परतल्याने अख्खा संघ बदलतो, असं खरंच कधी झालंय का?

दोनदा तरी माझ्या डोळ्यांसमोर.

पहिला झिनेदिन झिदान. युरो २००४ या युरोपीय देशांच्या स्पर्धेनंतर त्याने फ्रान्सचा संघ सोडला. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत फ्रान्स अडखळायला लागलं. ऑगस्ट २००५ मध्ये झिदान, तुराम आणि मकेलेले हे तिघेही परतले. पुनरागमनाच्याच सामन्यात झिदानने आयव्हरी कोस्टविरुद्ध गोल केला. पुढच्या वर्षी जर्मनीत, ३४ व्या वर्षी, तो ब्राझीलविरुद्ध असा खेळला की समोर रोनाल्डो आणि रोनाल्डिन्हो असूनही कॅमेरा त्याच्यावरून हलत नव्हता. आन्रीचा विजयी गोल त्याच्याच फ्रीकिकवर झाला. अंतिम सामन्यात सातव्या मिनिटाला पेनल्टी मारताना त्याने चेंडू अलगद उचलून दिला, तो आडव्या दांड्याला लागून आत पडला. आणि ११० व्या मिनिटाला मातेराझ्झीच्या छातीवर डोकं मारून तो लाल कार्ड घेऊन गेला. तो त्याच्या आयुष्यातला शेवटचा सामना. इटली पेनल्टीवर जिंकली. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू मात्र झिदानच ठरला.

दुसरा टोनी क्रोस. २०२१ मध्ये जर्मनीचा संघ सोडला, मार्च २०२४ मध्ये परतला. परतल्यानंतरच्या पहिल्या सामन्यात, ल्याँमध्ये फ्रान्सविरुद्ध, सुरुवातीच्या टचवर त्याने पुढे लांब पास दिला आणि व्हिर्ट्झने सातव्या सेकंदाला गोल केला. घरच्या युरोत स्कॉटलंडविरुद्ध त्याने १०२ पैकी १०१ पास अचूक दिले. सामना पुन्हा पाहायला मिळाला तर चेंडूकडे पाहू नका, क्रोसकडे पाहा. चेंडू यायच्या आधी तो दोनदा मान वळवून मागे बघतो. त्याचा वेग पंचविशीतही फार नव्हता, त्यामुळे चौतिशीत कमी होण्यासारखं काही नव्हतंच. स्पेनविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत जर्मनी जादा वेळेत हरलं आणि तो कायमचा थांबला.

७. लोकांनी मागणी केली म्हणून कुणी परतलंय का?

स्वीडनचा हेन्रिक लार्सन. २००२ च्या विश्वचषकानंतर तो थांबला. युरो २००४ जवळ आला तसं देशात सह्यांची मोहीम निघाली, लाखाहून जास्त सह्या जमल्या. तो परतला, स्पर्धेत तीन गोल केले. त्यातला बल्गेरियाविरुद्धचा सूर मारून केलेला हेडर जरूर शोधून पाहा. मग २००६ चा विश्वचषक खेळून पुन्हा थांबला, युरो २००८ साठी पुन्हा आला. मुलं विचारतात, किती वेळा निवृत्त होता येतं? हवं तितक्या वेळा. मोजदाद कुणी ठेवत नाही.

८. सगळी उदाहरणं गोड. फसलेली सांगा की.

फसलेली भरपूर आहेत, आणि ती सांगितलीच पाहिजेत.

माथेउस १९९८ ला उपयोगी पडला, म्हणून त्याला ठेवलं. युरो २००० मध्ये तो ३९ वर्षांचा होता. जर्मनी तीन सामन्यांत एक गुण घेऊन गटातच तळाला राहिलं. त्याच्या एकट्याचा दोष नव्हता, पण त्याच्या मागे मोकळी जागा राहत होती आणि पोर्तुगालने तिथेच खेळ केला.

दिएगो मॅराडोना. सप्टेंबर १९९३ मध्ये अर्जेंटिना घरच्या मैदानावर कोलंबियाकडून ०-५ हरली आणि प्रेक्षकांनी त्याच्या नावाचा गजर केला. तो परतला, विश्वचषकाला जाण्यासाठीची ऑस्ट्रेलियाविरुद्धची बाद लढत संघाने जिंकली. १९९४ ला ग्रीसविरुद्ध त्याने केलेला गोल आणि नंतर थेट कॅमेऱ्यात घुसवलेला तो चेहरा विसरता येत नाही. मग चाचणीत एफेड्रिन हे बंदी असलेलं औषध सापडलं आणि सगळं तिथेच संपलं. शरीर साथ देत नसताना मन किती घाई करतं, हे मला त्या चेहऱ्यात दिसतं.

झ्लाटन इब्राहिमोविच मार्च २०२१ मध्ये ३९ व्या वर्षी स्वीडनकडे परतला, जॉर्जियाविरुद्ध त्याच्या पासवर विजयी गोल झाला. पण गुडघा गेला आणि ज्या युरोसाठी परतला होता ती हुकली.

आणि छेत्री. शिलाँगमधला गोल झाला, पण सहा दिवसांनी बांगलादेशविरुद्ध ०-०, जूनमध्ये हाँगकाँगमध्ये ०-१, ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२. भारत २०२७ च्या आशियाई चषकाला पात्र ठरला नाही. ज्या कामासाठी बोलावलं होतं ते झालं नाही, हे मान्य करायला हवं. त्याच्यावर प्रेम असूनही.

९. निवृत्ती घेतलीच नव्हती, पण निवडसमिती विसरून गेली होती. असा खेळाडू परतला तर तेही पुनरागमनच ना?

नक्कीच. उलट मला ही माणसं जास्त जवळची वाटतात, कारण दार त्यांनी स्वतः लावलेलं नव्हतं.

अर्जेंटिनाचा मार्टिन पालेर्मो. १९९९ च्या कोपा अमेरिका या दक्षिण अमेरिकी देशांच्या स्पर्धेत कोलंबियाविरुद्ध एकाच सामन्यात तीन पेनल्टी चुकवल्या: एक दांड्यावर, एक दांड्यावरून, एक गोलरक्षकाने अडवली. त्यानंतर दहा वर्षं देशाकडून बोलावणं नाही. २००९ मध्ये प्रशिक्षक मॅराडोनाने त्याला घेतलं. पेरूविरुद्ध विश्वचषकाची पात्रता टांगणीला, मुसळधार पाऊस, बरोबरी, इंज्युरी टाइम, आणि चेंडू आला पालेर्मोच्या पायात. गोल. मॅराडोना पाण्याने भरलेल्या मैदानावर पोटावर घसरत गेला. पुढच्या वर्षी ३६ व्या वर्षी पालेर्मोने विश्वचषकात ग्रीसविरुद्धही गोल केला.

इटलीचा फाबियो क्वालियारेल्ला वर्षानुवर्षं संघाबाहेर होता. मार्च २०१९ मध्ये, ३६ पूर्ण झाल्यावर, त्याने लिश्टेनस्टाइनविरुद्ध दोन पेनल्टी मारल्या आणि इटलीसाठी गोल करणारा सर्वांत वयस्क खेळाडू झाला. त्या हंगामात सेरी आ या इटलीच्या लीगमध्ये सर्वाधिक २६ गोल त्याचेच होते. इंग्लंडचा जर्मेन डिफो २०१७ मध्ये तीन वर्षांहून जास्त खंडानंतर ३४ व्या वर्षी परतला आणि लिथुआनियाविरुद्ध गोल केला.

१०. वय झाल्यावरही खेळणाऱ्यांत गोलकीपरच जास्त दिसतात. त्यांना म्हातारपण येत नाही का?

येतं, पण उशिरा जाणवतं. मैदानावरच्या खेळाडूचं पहिलं जातं ते जोरात धावून लगेच पुन्हा जोरात धावणं. पस्तिशीनंतर एका सामन्याची झीज भरून यायला जास्त दिवस लागतात, आणि मांडीच्या मागचे स्नायू सहज दगा देतात. गोलरक्षकाला हे ओझं कमी. त्याची जागा पकडण्याची समज तर वयाने वाढते.

इजिप्तचा एसाम अल-हदारी २०१८ मध्ये सौदी अरेबियाविरुद्ध विश्वचषकात खेळला तेव्हा ४५ वर्षं १६१ दिवसांचा होता. तो त्याचा पहिलाच विश्वचषक सामना, आणि त्यात त्याने पेनल्टी अडवली. त्याआधीचा विक्रम कोलंबियाच्या मोंद्रागोनचा, ४३ वर्षं ३ दिवस, २०१४ मध्ये जपानविरुद्ध. शेवटच्या काही मिनिटांसाठी त्याला मैदानात उतरवलं, तेव्हा सगळा संघ टाळ्या वाजवत होता.

मैदानावरच्या म्हाताऱ्यांना अलीकडे एका नियमाने हात दिला आहे: पाच बदली खेळाडू. पूर्वी तीनच बदल करता यायचे, तेव्हा वीस मिनिटांसाठी एखाद्याला राखून ठेवणं परवडायचं नाही. आता परवडतं.

११. महिला फुटबॉलमध्ये असं कुणी आहे का?

आहे, आणि तिची गोष्ट भारताला येऊन भिडते. ब्राझीलची फोर्मिगा २०१६ नंतर राष्ट्रीय संघातून थांबली होती. प्रशिक्षकांच्या विनंतीवरून २०१८ मध्ये, चाळिशीत, परतली. २०१९ मध्ये ४१ व्या वर्षी सातवा विश्वचषक खेळली, जे तोवर कुणा पुरुषाला किंवा बाईला जमलं नव्हतं. टोकियोत सातवं ऑलिम्पिकही खेळली. महिलांचं फुटबॉल ऑलिम्पिकमध्ये आलं १९९६ ला, तेव्हापासूनचं प्रत्येक.

तिचा निरोपाचा सामना नोव्हेंबर २०२१ मध्ये मानाउसला झाला, समोर भारत होता. आपण १-६ हरलो. आपला तो एक गोल मनीषा कल्याणचा. दोनच महिन्यांनी ती भारतीय टीम आमच्या इथे डी. वाय. पाटील स्टेडियमवर आशियाई चषक खेळायला आली. इराणशी ०-० झालं आणि कोविडमुळे संघाला स्पर्धाच सोडावी लागली. स्टेडियमसमोरच्या हायवेवरून जाताना मला अजून चुटपुट लागते.

१२. वयाची काही मर्यादा असते का?

राष्ट्रीय वरिष्ठ संघासाठी कमाल मर्यादा नाही. ऑलिम्पिकमधलं पुरुषांचं फुटबॉल वेगळं: तिथे संघ २३ वर्षांखालचा, फक्त तीन मोठे चालतात. टोकाचं उदाहरण लायबेरियाच्या जॉर्ज वेआचं. सप्टेंबर २०१८ मध्ये नायजेरियाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात तो ५१ व्या वर्षी उतरला, आणि तेव्हा तो देशाचा राष्ट्राध्यक्ष होता. त्याच्या १४ नंबरच्या जर्सीच्या सन्मानार्थ ठेवलेला तो सामना होता. ते मानाचं पान. स्पर्धेतल्या पुनरागमनाशी त्याची तुलना करू नये.

१३. देशाने बोलावलं आणि खेळाडू नको म्हणाला तर?

सभ्य रीत म्हणजे विचारणं. २०१० च्या विश्वचषकाआधी इंग्लंडने पॉल स्कोल्सला विचारलं, तो नको म्हणाला, विषय संपला.

पण फिफाच्या नियमात सक्तीला जागा आहे. निवृत्तीची कुठे अधिकृत नोंदवही नसते. देशाच्या फुटबॉल संघटनेने आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ठरलेल्या काळात खेळाडूला बोलावलं तर त्याने जावं अशी अपेक्षा असते, आणि न गेल्यास त्या काळात आणि पुढचे पाच दिवस त्याला क्लबकडून खेळता येत नाही. मकेलेलेचं हेच झालं. २००६ च्या विश्वचषकानंतर त्याला पुन्हा थांबायचं होतं, पण फ्रान्सचे प्रशिक्षक डोमेनेक यांनी त्याचं नाव यादीत टाकलंच. त्याच्या चेल्सी क्लबचे प्रशिक्षक मोरिन्हो भडकले, त्याला गुलाम केलंय असं जाहीर म्हणाले. मकेलेले युरो २००८ पर्यंत खेळत राहिला. मनाविरुद्धच्या अशा पुनरागमनाला मी पुनरागमन म्हणत नाही.

१४. भारताकडून निवृत्त होऊन दुसऱ्या देशाकडून खेळता येईल का?

जवळजवळ नाही. २०२० मध्ये नियम थोडा सैल झाला, पण अटी कडक आहेत: आधीच्या वरिष्ठ संघाकडून तीनपेक्षा जास्त सामने नकोत, तेही २१ वर्षं पूर्ण होण्याआधीचे, विश्वचषक किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीतले नकोत, आणि शेवटच्या सामन्याला तीन वर्षं झालेली हवीत. शिवाय दुसऱ्या देशाचं नागरिकत्व. अनुभवी खेळाडूला यातून वाट नाही.

१५. मेस्सीसुद्धा निवृत्त होऊन परतला होता. तो या यादीत का नाही?

कारण तेव्हा तो २९ वर्षांचा होता. जून २०१६ मध्ये चिलीविरुद्धची अंतिम लढत पेनल्टीवर हरल्यावर तो दुखावून बोलला आणि काही आठवड्यांतच परतला. पेलेही १९६६ नंतर विश्वचषक नको म्हणाला होता आणि १९७० ला जिंकला, तोही २९ व्या वर्षी. ते रुसवे होते. इथे आपण उतरत्या वयाचं बोलतोय.

१६. परतल्यानंतरचे गोल वेगळे मोजतात का?

नाही. सगळे एकाच खात्यात. म्हणून शिलाँगचा गोल ९५ वा.

१७. मी कोलकात्याला निरोपाच्या सामन्याला गेलो, ढसाढसा रडलो. नऊ महिन्यांत तो परत. ही आमची फसवणूक नाही का?

हा प्रश्न आमच्यातल्याच एकाचा. तो कल्याणहून गीतांजली एक्स्प्रेसने गेला होता. येताना अंगात तीच निळी जर्सी, डोळे सुजलेले. शिलाँगच्या सामन्याच्या रात्री तो आमच्याबरोबर पाहायला आला नाही.

मी त्याला सांगितलं ते असं. त्या दिवशी तू ज्याच्यासाठी रडलास, तो एकोणीस वर्षांचा खेळ होता. तो परतल्याने त्यातलं काही कमी होत नाही. आणि परतणाऱ्याची जोखीमही बघ. छेत्रीचा निरोप भरल्या स्टेडियममध्ये झाला होता, नावाला डाग नव्हता. परत येऊन तो हरू शकत होता, आणि संघ हरलाच. ते माहीत असून तो आला.

मी ऑक्टोबर २०१५ मधली एक संध्याकाळ विसरत नाही. छेत्री तेव्हा मुंबई सिटीकडून खेळायचा आणि त्यांचं घरचं मैदान आमचं डी. वाय. पाटील. नेरुळ स्टेशनवरून चालत गेलो होतो. नॉर्थईस्टविरुद्ध ५-१, आणि आयएसएलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला भारतीय ठरला. सामना संपला, लोक उठले, तरी मी कठड्यापाशी थांबलो. सगळे आत गेल्यावर तो एका सहाय्यकाबरोबर मैदानाच्या कडेने हळूहळू पळत होता, दिवे कमी होईपर्यंत. चाळिशीतला तो हेडर मला त्या फेऱ्यांमध्ये दिसतो.

मित्राचं समाधान झालं का? पूर्ण नाही. जर्सी मात्र तो पुन्हा घालायला लागला आहे.

१८. माझं वय ४३, लिगामेंटचं ऑपरेशन झालंय, आठ वर्षं खेळलो नाही. मी परत खेळू का?

छेत्रीबद्दल विचारणाऱ्या निम्म्या लोकांच्या मनात खरा प्रश्न हाच असतो. मीही त्यातलाच. माझा डावा गुडघा ३९ व्या वर्षी गेला, ४२ व्या वर्षी परतलो.

आधी हाडांच्या डॉक्टरांना गुडघा आणि दुसऱ्या डॉक्टरांना हृदय दाखवा. आमच्यात एकाचं रक्तदाबाचं दुखणं असंच, खेळायला यायचं म्हणून केलेल्या तपासणीत सापडलं. मग तीन महिने चेंडूला हात, म्हणजे पाय, लावू नका. पायऱ्या, अर्ध्या बैठका, एका पायावर उभं राहणं. घोडबंदर रोडच्या किंवा वाशी-नेरुळच्या टर्फवर येताना लांब स्टडचे बूट आणू नका. कृत्रिम गवतात स्टड अडकतो, पाऊल तिथेच राहतं आणि अंग वळताना गुडघा पिळतो. छोट्या गोळ्यांचे टर्फचे बूट मिळतात, ते घ्या. मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळी सातनंतर खेळू नका, पाण्यात चिमूटभर मीठ-साखर असू द्या.

पहिल्या दिवशी दहाच मिनिटं. क्रोससारखं चेंडू यायच्या आधी मागे बघा, धावायचं निम्मं वाचतं. आमच्या मैदानाबाहेरचा उसाच्या रसवाला गुडघ्यासाठी बर्फ देतो, पैसे घेत नाही. फक्त फडकं आपलं न्यायचं.